अर्धं तळं

"जरा बाजूला सरका ओ, माझं ऊन अडतंय," मी मागं न बघताच म्हणाले.

"ऊन तर समोरून येतंय की," मागून आवाज आला. "माझी सावली माझ्याच मागं पडलीय. बघा वळून."

वळून बघितलं... तर तसंच होतं. मला आधीच राग लवकर येतो, त्यात चूक माझी असली की जास्तच येतो. चौऱ्याहत्तर सालचा जानेवारी संपत आला होता. गड्ड्याच्या जत्रेतले पाळणे नुकतेच उठले होते आणि सिद्धेश्वरच्या तळ्यावर पुन्हा निवांत झालं होतं. ड्रॉइंग टीचरच्या परीक्षेसाठी मी पायरीवर बसून तळं रंगवत होते. आणि हा सडपातळ, बोटांवर शाईचे डाग पडलेला मुलगा माझ्या कागदाकडं हक्कानं बघत उभा होता.

"तळं छान आलंय," तो म्हणाला. "देऊळ पण. पण सोलापूर कुठंय यात?"

"म्हणजे?"

"माणूसच नाही की एक पण. तो बघा, म्हातारा माशांना चुरमुरे टाकायलाय. त्या बायका धुणं घेऊन निघाल्यात. सगळ्यांना हाकलून दिलं तुम्ही?"

"माणसं हलतात. काढता येत नाहीत."

"तुम्ही तर नाही हललात एवढा वेळ. मी बघायलोय की."

मी ब्रश पाण्यात बुडवला आणि उगाच ढवळत बसले.

त्याचं नाव अंबादास. घर पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, घरात तेलुगु, आणि काम चादरीच्या कारखान्यात नक्षी काढायचं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, येताना कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन. मग रोजच यायला लागला. मी तळं काढायचे आणि तो त्यात माणसं बसवायचा. एकाच कागदावर दोघांचे हात... तो म्हातारा बायको गेल्यापासून इथं येतो, तिनं पाळलेला नेम चालवतो, हे मला अंबादासनं सांगितलं. जन्म याच गावात गेला माझा, पण गावाची ओळख मला त्याच्या पेन्सिलीनं करून दिली.

त्याच्या मनात काय होतं, ते मात्र देव जाणे! मी त्याच्याकडं बघितलं की तो निळ्या रंगाबद्दल बोलायचा. मी निळ्या रंगाबद्दल विचारलं की तो माझ्याकडं बघत बसायचा. हात लागला तर "सॉरी" म्हणायचा, आणि लगेच तिथंच हात ठेवायचा. मी तर पार गोंधळून गेले होते.

तेवढ्यात मैंदर्गीहून स्थळ आलं. माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या ओळखीतलं, भुसारच्या व्यापारातलं. "रविवारी कळवायचंय. हो की नाही, तूच सांग," अप्पा म्हणाले. मी धावत तळ्यावर गेले आणि अंबादासला सांगून टाकलं.

"मुलगा कसाय?" त्यानं विचारलं.

"चांगला आहे म्हणतात."

"बरं."

बरं! एवढंच! मला त्याला तळ्यात ढकलावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं एक गुंडाळलेला कागद माझ्या हातात दिला, "घरी जाऊन बघा," म्हणाला आणि सायकलवर बसून निघूनही गेला. घरी येऊन उलगडला. डावीकडं तळं होतं, पायऱ्या होत्या, पाण्यात पाय सोडून बसलेला तो स्वतः होता. देवळाचं शिखर बरोबर मधोमध थांबलं होतं. पुढं कोरा कागद. हे काय? तू जा, मी एकटा बसतो, असं? की कंटाळा आला म्हणून सोडून दिलं? मी कागद उलटा करून बघितला, उजेडात धरून बघितला. काही कळेना. रडू मात्र आलं.

सकाळी मी सरळ कारखान्याच्या दारात. तो बाहेर आला, तर मी कागद त्याच्यापुढं नाचवला.

"हे काय आहे?"

"चित्र."

"अर्धं?"

"अर्धंच काढतात की ओ," तो बावरून म्हणाला. "चादरीची नक्षी आम्ही अर्धीच काढतो. उरलेली मागावर आपोआप येते, तशीच्या तशी. अर्धं बघितलं की पुढचं सगळ्यांना कळतं."

"मी काय माग आहे? आणि तशीच्या तशी आली, तर पलीकडंही तुम्हीच बसणार! दोन-दोन अंबादास! मग मी कुठं बसू?"

बोलून गेले... आणि जीभ चावली.

तो कागदाकडं बघत राहिला. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. "खरंच की," तो हळूच म्हणाला. "हे लक्षातच आलं नाही... मी सगळ्यांना काढतो. तुम्हाला काढायला बसलो की हातच चालत नाही. म्हणून वाटलं, अर्धं दिलं की कळेल."

"नाही कळलं. तोंडानं सांगा."

"मैंदर्गीला जाऊ नका."

"का?"

"का म्हणजे... आवडता तुम्ही मला. लई."

मला हसू आवरेना.

रविवारी अप्पा कोट घालून निघाले होते. "मैंदर्गीला नाही म्हणून कळवा," मी म्हणाले. आणि मग कारण सांगितलं. नाव, पूर्व भाग, कारखाना, सगळं. आमच्या घरात कन्नड बोलतात. आईची भाकरी तव्यावर करपली. अप्पा कोटाची बटणं काढत खाली बसले.

"तेलुगु?"

"हो."

"कन्नड येतं त्याला?"

"नाही."

"मग मी त्याच्याशी भांडू कसा? मराठीत मला धड भांडता येत नाही."

हा राग होता, नकार होता, की आणखी काही... मला उमगेना. आईकडं बघितलं, तर तिनं पदर तोंडाला लावलेला. हसत होती की रडत होती, तेही कळेना.

"मी शिकवीन त्याला," मी म्हणाले.

अप्पांनी कोट खुंटीला अडकवला. "शिकव," ते भिंतीकडं बघत म्हणाले. "भांडण्यापुरतं आलं, की घेऊन ये."