उजव्या सीटचा बेल्ट

हे मी मनाने रचलेलं नाही. रचायचंच असतं, तर त्यात स्वतःला इतकं वाईट दाखवलं नसतं.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. शनिवार, सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं. वस्तीपासून लांब एक छोटी धावपट्टी, तिच्या टोकाला पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये आमच्या मिस्टरांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं दोन सीटचं विमान.

हो, विमान. खेळण्यातलं नाही, खरं. मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मीही हसले होते.

माझं शिवणकामाचं दुकान आहे. हे सीटची मापं घेऊन दुकानात आले होते. विमानाच्या सीटची कव्हरं कुणी शिवून देईना म्हणून. कव्हरं शिवता शिवता आमचं जमलं. दोघांचं वय चाळिशीच्या पुढचं, त्यामुळे कुणी फारसं नाक मुरडलं नाही.

ह्यांची पहिली बायको तीन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त होऊन गेली होती.

विमान त्या दोघांनी सुरू केलं होतं. दोन्ही पंखांचे पत्रे जोडणारे सगळे रिव्हेट तिने मारलेले. एका ओळीत, एका अंतरावर. माझी शिलाई सरळ असते असं गिऱ्हाईक म्हणतात. पण ते रिव्हेट पाहिले की मला माझी शिलाई वाकडी वाटायची.

खोटं कशाला बोलू, मी जळायचे. मेलेल्या बाईवर जळायचे. सकाळ-संध्याकाळ.

लग्नाआधी ह्यांनी मला एकच शब्द दिला होता. "उजव्या सीटवर पहिली तू बसणार."

तीच सीट तिलाही कबूल केली होती, हे मला नंतर कळलं. पण ती आता नव्हती. सीट माझी होती.

फक्त थांबायचं होतं. नियम असा, की घरी बांधलेल्या विमानात पहिले चाळीस तास एकट्यानेच उडायचं. डाव्या सीटवर हे, उजवी रिकामी. रिकाम्या सीटचा बेल्ट लावून गच्च ओढून ठेवायचा, नाहीतर तो हलतो आणि विमान वळवायच्या दांड्यात अडकतो. ते काम माझ्याकडे होतं. मी बेल्ट असा ओढायचे, की खाली बोटसुद्धा जाणार नाही.

त्या शनिवारी पहिलं उड्डाण झालं. बारा मिनिटं. विमान उतरलं, हे बाहेर आले, आणि मेकॅनिक काकांना म्हणाले, "उजवीकडे झुकतंय."

काका ह्या कामात म्हातारे झालेले. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "एकटा माणूस डावीकडे बसलाय. झुकलंच तर डावीकडे झुकेल. उजवीकडे कसं?"

"झुकतंय खरं."

काकांनी दोन्ही पंखांतलं पेट्रोल तपासलं. सारखं होतं.

मी आत वाकले, उजवा बेल्ट काढायला. बेल्ट लावलेलाच होता...

पण सैल होता.

हात घालून पाहिला. अख्खा हात गेला.

मला वाटलं, हादऱ्याने सुटला असेल. नवीन बेल्ट, गुळगुळीत कडी. मी कुणाला बोलले नाही.

आता टॅबचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पंखाच्या मागच्या कडेला बोटभर रुंदीचा पत्र्याचा तुकडा असतो. त्याला टॅब म्हणतात. विमान एका बाजूला झुकत असेल, तर तो तुकडा हाताने किंचित वाकवायचा. मग उडून बघायचं. अजून झुकतंय? अजून किंचित. ब्लाउजच्या बाहीला चुण्या घालताना असंच करावं लागतं, एकदम जास्त घेतली की बिघडलं.

दर शनिवार-रविवार तेच. हे उडायचे, काका टॅब वाकवायचे, मी वहीत लिहायचे.

आणि दर वेळी बेल्ट सैल.

चौथ्या वेळी मी गळ्यातली टेप काढली. सीटच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बेल्ट मोजला. माझं कामच ते. पुढच्या मापावरून मी कुणाचीही पूर्ण कंबर इंचांत सांगते.

सव्वीस.

पाचव्या वेळी सव्वीस. सहाव्या वेळीही सव्वीस.

माझी कंबर बत्तीस आहे.

घरी कपाटात तिचं उडायचं जाकीट होतं. ह्यांनी एकदा अगदी सहज म्हटलं होतं, "तुला नवीन कशाला? हेच जरा सैल करून घे ना." माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. जाकिटाला मी हातही लावला नव्हता.

त्या संध्याकाळी लावला. कंबरेला टेप धरली...

सव्वीस.

मी जाकीट परत टांगलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. पण खरं सांगू? भीती नंतर वाटली. आधी राग आला. दोन वर्षं पत्रे घासले मी. सीटचा एकेक टाका माझा. आणि बाई आयती येऊन बसली!

पुढच्या रविवारी मी वॉकी-टॉकी घेऊन धावपट्टीच्या कडेला उभी होते. हे वरून आकडे सांगायचे, मी लिहून घ्यायचे. वेग, तेलाचं तापमान, असलं. त्या दिवशी ह्यांचं बटण दाबलेलंच राहिलं असावं.

आधी नुसती इंजिनाची घरघर.

मग ह्यांचा आवाज. "आता बघ, हात सोडतो."

मग काहीच नाही. चार-पाच सेकंद...

मग हे हसले.

माझ्याशी बोलताना हे हसतात, नाही असं नाही. पण असं नाही हसत. कुणीतरी कानाशी काही बोलल्यावर माणूस हसतो, तसं होतं ते.

ह्यांचं बटण सुटल्याचा खट्ट आवाज आला, तेव्हा मी माझं दाबलं. "आकडे सांगा ना. मी लिहितेय."

परत ह्यांचाच आवाज.

"तुला नाही विचारलं."

हे खाली आल्यावर मी सरळ विचारलं, "कुणाशी बोलत होता?"

"कुणाशी म्हणजे? तुझ्याशीच."

"आणि ते 'तुला नाही विचारलं'?"

"मी कधी असं बोललो? इंजिनाच्या आवाजात काहीतरी ऐकलं असशील."

चेहरा इतका साधा, की मीच खोटी पडले.

सहा आठवड्यांत टॅब बरोबर बसली. हात सोडले तरी विमान पाण्यासारखं सपाट जायचं. हे खूश. काका मात्र मान हलवायचे. "टॅब इतकी वाकवायला लागलेली मी कधी पाहिली नाही. एक माणूस बसलाय, पण विमान दोघांसाठी लावलंय असं वाटतं."

मला कारण माहीत होतं आणि मी ते सांगितलं नाही, हाच माझा गुन्हा.

पस्तीस तास झाले होते. पाच उरले होते. मी ठरवलं, आता बास. माझ्या सीटवर मी बसायच्या आधी ती उठली पाहिजे.

शनिवारी हे काकांबरोबर चाकांची हवा बघत होते. मी आत शिरले. उजवा बेल्ट गच्च ओढला. मग सीटचं जाड कव्हर शिवायची सुई आणि मेण लावलेला दोरा घेऊन कडीपाशी बेल्ट बेल्टलाच शिवून टाकला. नऊ टाके. सरळ, एका अंतरावर. तिच्या रिव्हेटपेक्षा सरळ.

"आता बस," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं.

विमान उठलं.

आणि लगेच डावीकडे कललं.

मला वाटलं, वळताहेत. पण ते वळणं नव्हतं. डावा पंख खाली जातच राहिला. माझ्या शेजारी उभे असलेले काका ओरडले, "अरे, दांडा उजवीकडे धर! उजवीकडे!"

वॉकी-टॉकीवर ह्यांचा श्वास ऐकू येत होता. शब्द नाही, नुसता श्वास.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

सहा आठवडे आम्ही विमान तिच्यासकट लावत होतो. उजवीकडे तिचं वजन होतं, म्हणून टॅब डावीकडे ओढेल अशी वाकवली होती. आज मी तिला बसू दिलं नव्हतं. वजन गेलं होतं, टॅब तशीच होती. माझा नवरा मी मारत होते. नऊ टाके घालून.

हे एक फेरी मारून उतरले. उतरताना डाव्या पंखाचं टोक जमिनीपासून वीतभर होतं. बाहेर आले तेव्हा दांडा धरून धरून ह्यांचा उजवा हात आखडला होता. पाणी पिता येईना. मी पेला धरला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रिकाम्या सीटकडे पाहत होते.

काका म्हणाले, "उद्या टॅब सरळ करतो. आज कुणी हात लावू नका."

टाके तसेच ठेवले असते तर? टॅब सरळ झाली असती आणि विमान एका माणसाचं झालं असतं. हे माझ्या मनात आलं नाही असं म्हणणार नाही. मी बेल्ट बघायला आत वाकले.

नऊपैकी चार टाके तुटले होते.

मेण लावलेला दोरा. तो असा तुटत नाही. टोकं पिंजलेली होती. खालून कुणीतरी जोर लावून लावून...

म्हणजे पुढच्या वेळी उरलेले पाचही तुटले असते. हवेत. टॅब सरळ केल्यावर. मग विमान उजवीकडे गेलं असतं.

माझा जळफळाट तिथेच विझला असं वाटत असेल तर तसं नाही. मी रडले. रागानेच रडले. आणि रडत रडत उरलेले पाच टाके उसवले.

सकाळी काका पक्कड घेऊन आले. मी आडवी आले. "काका, आधी एक फेरी होऊ द्या. नाही जमलं तर मग टॅब."

"वहिनी, डोकं फिरलंय का तुमचं?"

पण हे म्हणाले, "होऊ द्या एक फेरी." इतकंच. मला कारण विचारलं नाही.

विमान उठलं. सपाट. सरळ.

काकांनी पक्कड खिशात घातली आणि त्या दिवसानंतर ते शेडमध्ये एकटे थांबत नाहीत.

चाळीस तास पूर्ण झाले. शब्द दिल्याप्रमाणे ह्यांनी मला उजव्या सीटवर बसवलं. बेल्ट स्वतः लावला. माझ्या मापाचा, बत्तीस. मी नवीन जाकीट शिवलं होतं. धावपट्टी मागे पळायला लागली तेव्हा मी खूश होते. खरंच होते.

वर गेल्यावर विमान उजवीकडे झुकलं.

हे दांडा डावीकडे धरून म्हणाले, "वजन वाढलंय वाटतं तुझं!"

मी हसायला गेले. हसू आलं नाही. माझे पाय जड होत चालले होते... मांडीवर कुणी बसल्यावर होतात तसे.

"खाली घ्या," मी म्हटलं.

त्यानंतर मी त्या सीटवर बसलेले नाही. ह्यांनी पुन्हा बस म्हटलेलंही नाही. आता उड्डाणाआधी उजवा बेल्ट मीच लावते. गच्च ओढत नाही. सव्वीसला सैल ठेवते. मग धावपट्टीच्या कडेला वॉकी-टॉकी घेऊन उभी राहते. हे वर हसतात, मी वहीत आकडे लिहिते. ह्यांना सांभाळून आणायचं काम तिचं आणि वाट बघायचं माझं, असं झालंय.

हे सगळं आज का लिहितेय, तर कालमुळे.

काल विमान उतरल्यावर मी सवयीने बेल्ट मोजला.

सत्तावीस.

सव्वीसला लावलेला बेल्ट एक इंच सैल झाला होता. बाईला तिथलं मानवलेलं दिसतंय.

घरी आले. माझा परकर दोन दिवस कंबरेवरून घसरत होता. नाडी जुनी झाली असेल म्हणून लक्ष दिलं नव्हतं. काल टेप घेतली आणि आरशासमोर उभी राहिले.

एकतीस.

जेवण तेवढंच आहे. तब्येतीची तक्रार नाही.

दुकानातून दुसरी टेप आणली. कोरी. पुन्हा मोजली.

एकतीसच.