आवळला का?

विरेश, ह्या नटावर पांढरा ठिपका कुणी लावला? तू का. बरं. लावायच्या आधी नट आवळलता का? आठवत न्हाई म्हणतो. मग ऊठ, पाना घे आणि पुन्हा बघ. लाईट गेली तर गेली, मोबाईल धर की. मी बसतो तवर.

झालं? अर्धा फेरा बसला न्हवं? आता या इकडं दोघंबी. जुन्या डिझेल ट्रका उभ्या करायचा तुमचा शौक चांगला हाय, मी नाव ठेवत न्हाई. पण हा ठिपका तुमी मोबाईलवर बघून लावायलाव. तो काय असतो ते मी सांगतो. माझ्या ओळखीच्या माणसावर बेतलेली गोष्ट हाय. सांगताना मला लाज वाटती, म्हणून मधी बोलू नका.

आपल्या जिंतुरात बन्सीधर उस्ताद म्हणून मिस्त्री होता. तुमी तवा पाळण्यात असाल. लांब नाकाच्या जुन्या गाड्या तोच करायचा. आवाज ऐकून सांगायचा, कितवं नोझल ठिबकायलंय ते. फॅनच्या पट्ट्यात सापडून त्याच्या उजव्या अंगठ्याला मधोमध आडवी चीर पडलती. आणि त्याचा एक दस्तूर होता. नट शेवटचा आवळला की कमरेची चुन्याची डबी काढायची, तंबाखूला लावायचा तोच चुना, आणि अंगठ्यानं नटावर एक ठिपका द्यायचा. ठिपका हाय म्हणजे नट आवळलेला हाय. तरीबी गाडीवर चढायच्या आधी खाली वाकून शागीर्दाला विचारायचा, "आवळला का?" पोरगं "आवळला उस्ताद" म्हणलं की मगच स्टार्टर मारायचा.

त्याचा शागीर्द महारुद्र. माझा दोस्त, वयानं धाकटा, मला मामा म्हणायचा. हाताला गुण होता, पण लय घाई.

अठरा वर्षं झाली. वालूरच्या गुरुपाद शेटच्या बापाची ट्रक आलती, स्टेअरिंगचं काम होतं. पंधरा नट. महारुद्रला त्या दिवशी पोरगी बघायला चुडाव्याला जायचं होतं, परभणीहून रेल्वे धरायची होती. त्यानं काय केलं, आधी पंधराच्या पंधरा नटांवर ठिपके देऊन टाकले. मग आवळायला बसला. चौदा आवळले. तेवढ्यात परभणीची एस.टी. लागली. राहिला एक, ड्रॅग लिंकचा. म्हणजे स्टेअरिंगपासून चाकाकडं दांडा जातो ना, त्याचा. आल्यावर बघू म्हणला आणि गेला पळत.

सांजच्याला उस्तादानं बॅटरी मारून बघितलं. पंधरा ठिपके. विचारायला पोरगं नव्हतं. चुन्यावर भरवसा ठेवला आणि गाडी पोचवायला निघाला. वालूरच्या अलीकडं पुलावर दांडा सुटला. गाडी खाली, उस्ताद जागेवर गेला.

महारुद्र परत आला तवा सगळं उरकलं होतं. त्याला कुणी काही विचारलं न्हाई, आणि त्यानं सांगितलं न्हाई. कारण हॉटेलात कुणीतरी आधीच बोलून गेलतं, उस्ताद पिऊन होता म्हणून. दारूला न शिवलेला माणूस. पण बोलणं पसरलं, आणि महारुद्र त्याच्या आड लपला. चुडाव्याची पोरगी, मनिषा, तिच्याशी लग्न झालं. स्वतःचं गॅरेज झालं. चुना तेवढा त्यानं सोडला. तंबाखूबी सोडली.

हॉटेलात कोण बोललं ते मागून सांगतो.

ती ट्रक शेटच्या जिनिंगमागं बाभळीत पडून राहिली. दोन वर्षांमागं गुरुपाद शेटच्या मनात आलं, बापाची पहिली गाडी पुन्हा उभी करायची. सगळे म्हणले, हे काम महारुद्रचंच. तो न्हाई कसा म्हणणार? कारण काय देणार? त्यानं वर्षभर काम केलं. पंप, लायनर, ब्रेक, सगळं. पुलाखाली पडून चेमटलेलं नाक ठोकून सरळ केलं. मला एकदाच म्हणला, "मामा, हिच्याखाली निजलो की मला घाम सुटतो." मी म्हणलं, वय झालं तुझं.

आता रात्र ध्यानात ठेवा. यंदाची पौषातली संकष्टी, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी सकाळी शेटकडं पूजा, म्हणून गाडी रात्रीच पोचवायची होती. महारुद्रला उपास. मनिषानं बजावलं, चंद्र सव्वानऊला हाय, तवर घरी न्हाई आलात तर शेटच्यातच सोडा. साडेसातला तो निघाला. एकटाच. गाडी झकास चालली होती. थंडी होती, दोन्ही अंगाला कापसाच्या पळाट्या, रस्त्याला कुणी न्हाई.

पावणेनवाला पूल आला.

पुलाच्या अलीकडं खालून आवाज आला. ठण... ठण. चेसीवर पाना मारल्यासारखा. दोनदा. गाडीखाली निजलेला मिस्त्री असा मारतो, म्हणजे बंद कर, खाली माणूस हाय. चालत्या गाडीखालून.

त्याचा पाय आपसूक ब्रेकवर गेला. इंजिन बंद केलं.

काही न्हाई.

मोबाईलची बॅटरी लावून उतरला. गाडीखाली गेला. पाठीवर निजला. उजेड वर धरला.

नटावर चुना होता.

ओला. एका नटावर, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर... त्यानं मोजले. चौदा.

पंधरावा कोरा.

त्यानं हात लावला. नट बोटानं फिरला. नट सुटू नये म्हणून आरपार घालायची कॉटर पिनच त्यात नव्हती. दुपारी पिन हातात होती, शेटचा फोन आला, तो उठला... आणि विसरला. तोच नट. अठरा वर्षांनी, तोच.

आणि तवा वर, केबिनात... सीट करकरली.

कुणीतरी बसलं.

दार वाजलं न्हाई. पाय दिसले न्हाईत. नुसती सीट करकरली. मग स्टेअरिंग थोडं हललं, कारण त्याच्या तोंडावरचा दांडा हलला. जरासा डावीकडं... जरासा उजवीकडं. तंबाखूचा वास आला.

वरून आवाज आला. रागाचा न्हाई. रोजचा.

"आवळला का?"

महारुद्रनं तो नट बोटांत धरून ठेवला.

...

"आवळला का?"

मला सांगताना तो रडला रे. म्हणला, मामा, मला जिवाची भीती नव्हती. मला त्या आवाजाची लाज वाटली. त्या दिवशीबी त्यानं असंच वाकून विचारलं असंल, आणि उत्तर द्यायला मी नव्हतो.

...

"न्हाई," महारुद्र म्हणला. "न्हाई आवळला, उस्ताद. तवाबी न्हाई आवळला."

सीट पुन्हा करकरली. दांडा थांबला.

किती वेळ गेला त्याला ठावं न्हाई. हातातला फोन वाजला. मनिषा. म्हणली, चंद्र निघाला, कुठवर आलाव?

तो बाहेर आला. केबिनात कुणी नव्हतं. पाने गाडीतच होते, पण नट आवळायला त्याचा हात वळंना. गाडीच्या चाकाला दगड लावले आणि चालत वालूरला गेला. शेटकडं न्हाई. बायनाबाईकडं. उस्तादाची बायको, तिथंच राहती.

दारात उभा राहूनच त्यानं सगळं सांगितलं. ठिपके, एस.टी., चुडावा. बाई चुलीपाशी बसलेली, उठली न्हाई.

तिथूनच बोलली. "लोक म्हणले ते मी खरं धरलं रे. अठरा वर्षं त्या माणसाला शिव्या दिल्या मी. पिऊन मेलास आणि मला उघडी टाकलीस, म्हणून. फोटोला कधी हार घातला न्हाई."

महारुद्र खाली बसला. ती माफ केलं म्हणली न्हाई, आणि त्यानं मागितलंबी न्हाई. मग तिनं पत्र्याच्या पेटीतून उस्तादाची चुन्याची डबी काढली. आतला चुना वाळून दगड झालता. तिनं पाणी घातलं, बोटानं कालवला, डबी त्याच्या हातात दिली आणि स्वतः चप्पल घालून निघाली.

"चल. आधी आवळ. मग लाव."

चांदण्यात दोघं पुलापर्यंत चालत आली. तिनं बॅटरी धरली. चौदा नटांवर आता चुन्याचा मागमूस नव्हता. त्यानं पंधरावा नट आवळला, पिन घातली, वाकवली. तिनं विचारलं, "आवळला का?" तो म्हणला, "आवळला." मग अंगठ्यानं ठिपका दिला. स्वतःच्या अंगठ्यानं. त्याच्या अंगठ्याला चीर न्हाई, धडधाकट हाय.

सकाळी पूजेच्या वक्ताला त्यानं शेटला आणि जमलेल्या समद्यांना सांगून टाकलं. कुणी त्याच्याशी बोललं, कुणी न्हाई. नंतर एकदा त्यानं गाडीखाली जाऊन बघितलं, तर ठिपक्याच्या मधोमध आडवी चीर होती.

आता माझं ऐका. हॉटेलात उस्ताद पिऊन होता असं पहिल्यांदा कोण बोललं, तर मी. काही बघितलं नव्हतं. चहा प्यायलतो, सगळे माझ्या तोंडाकडं बघायलते, ड्रायव्हर माणूस म्हणून मलाच ठावं असंल असं त्यांना वाटलं. म्हणून बोललो. एवढंच. महारुद्रनं आपलं सांगून टाकलं, माझं नाव त्यानं घेतलं न्हाई. त्याला ठावं हाय, तरीबी.

आषाढात मी वालूरला गेलतो. मुद्दाम. जिनिंगपुढं ट्रक उभी हाय, शेट दर सोमवारी धुऊन घेतो. आजूबाजूला कुणी न्हाई बघून मी खाली निजलो. ठिपका हाय. चीरबी हाय. पौषातला ठिपका, पावसाळा लागलेला, आठवड्याला पाण्याचा मारा. मी बोट लावलं.

बोटाला ओला चुना लागला.

तिथून बायनाबाईचं घर पन्नास पावलांवर हाय. मी बोट धोतराला पुसलं, आणि बसनं घरी आलो.