बिननखाचा अंगठा

शेवट आधीच सांगून टाकतो. माझ्या बहिणीची नोकरी पक्की झाली, घरी पेढे आले आणि प्रकरण मिटलं.

आता हे वाचलंच नाही असं समजा. मीही लिहिलेलं नाही.

खाली जे आहे ते मात्र खरं आहे. एरवी मी या भुताच्या गोष्टींच्या पेजवर कमेंटमध्ये हसणारा माणूस. आज हसायचं काम तुमच्याकडे.

भुतं अमावस्येला येतात, मध्यरात्री येतात, असं ऐकून होतो. आमचं गुरुवारी आलं. दुपारी, जेवणानंतर. आमच्या भागात गुरुवारी लाईट जाते आणि बऱ्याच कंपन्यांना सुट्टी असते. त्यालाही तोच वार सोयीचा पडत असावा.

निघोजे आणि महाळुंगेच्या मध्ये, कंपन्यांच्या पत्र्यांत अडकलेली एक दगडी इमारत आहे. वाचनालय. गावातल्या एका मास्तरांनी जन्मभर जमवलेल्या पोथ्या आणि शिळाछापाची जुनी पुस्तकं तिथे आहेत.

होती.

माझी चुलत बहीण वर्षालीताई तिथे ग्रंथपाल. कंत्राटी. दाजींच्या कंपनीची लाईन बंद झालेली, त्यामुळे घर तिच्यावर. जुनी पुस्तकं वाचायला आता कोणी येत नाही, आलाच तर एखादा प्राध्यापक फोटो काढून जातो, असं विश्वस्तांच्या लक्षात आलं. मग ठरलं : सगळा दुर्मिळ संग्रह स्कॅन करायचा, इंटरनेटवर टाकायचा, मूळ पुस्तकं खोक्यांत भरून गोदामात, आणि त्या दालनात स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी अभ्यासिका. वायफायसकट.

काम वेळेत झालं तर ताईला कायम करू, म्हणाले. नाही झालं तर बघू.

‘बघू’ म्हणजे काय, हे कंत्राटी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

ताईने स्कॅनिंगला मला घेतलं. मी काळेवाडीतल्या माझ्या दोस्ताला, झिशानला घेतलं. त्याच्या अब्बांचं गॅरेज आहे. कॅमेरा वर-खाली करायला त्याने गाडीचा जॅक लावला. दुर्मिळ ग्रंथांसाठी जॅक फिरवणारं महाराष्ट्रातलं एकमेव वाचनालय आमचंच असणार.

दालनात एक लांब टेबल होतं. त्यावर खिडकीजवळ एक पुस्तक उघडं पडलेलं. वर वजनाची दोरी ठेवलेली, पान उडू नये म्हणून. घोड्यांच्या आजारांवरचं शिळाछापाचं पुस्तक.

“आयतंच उघडं आहे, यापासून सुरू करू,” झिशान म्हणाला.

मी दोरी काढली. त्याने पुस्तक उचललं.

एवढंच केलं आम्ही.

पुस्तकाचा पहिला भाग व्यवस्थित स्कॅन झाला. मग ते जिथे उघडं होतं, ते पान आलं…

स्क्रीनवर पानाच्या खालच्या कोपऱ्यात एक अंगठा होता.

“गण्या, हात काढ ना भावा.”

“माझा हात खिशात आहे.”

पुन्हा फोटो घेतला. अंगठा तिथेच. पुढचं पान. तिथेही. जाड, काळपट, पान दाबून धरलेला. आणि त्याला नख नव्हतं. जिथे नख असतं तिथे नुसतं गुळगुळीत मांस.

आम्ही दोघांनी एकमेकांचे अंगठे तपासले. चारही नखं जागेवर. मग ताईचे तपासले. ती म्हणाली, कामं करा.

फोटो पुढे तपासणीला गेले. दुसऱ्या दिवशी शेरा आला : ‘ऑपरेटरचे बोट दिसत आहे. पुन्हा स्कॅन करावे.’

पुन्हा केलं. पुन्हा अंगठा. पण या वेळी, आधी जिथे तो दिसला होता, त्यातल्या पहिल्या काही पानांवर नव्हता. पुढे सरकला होता.

“हा वाचतोय,” झिशान म्हणाला. आणि त्या दिवशी तो लवकर घरी गेला.

शेरा पुन्हा आला. ‘सूचना देऊनही बोट काढलेले नाही. ऑपरेटर बदलावा.’ विश्वस्तांचा ताईला फोन आला. एका पुस्तकापायी सगळं काम अडलंय, असं त्यांचं म्हणणं. ताई फोन ठेवून बराच वेळ त्या पुस्तकाकडे बघत बसली.

मग गुरुवार आला.

लाईट गेली. कॅमेरा बंद. शेजारच्या प्रेस शॉपचा, पत्रे ठोकण्याचा तो धाडधाड आवाज एरवी दिवसभर असतो, इतका की आम्हाला तो ऐकूच येत नाही. त्या दिवशी तो नव्हता, आणि ते मात्र ऐकू येत होतं.

ताई टेबलाशी बसून त्या पुस्तकावरची धूळ ब्रशने झाडत होती. आम्ही दाराजवळ खोकी जोडत होतो.

समोरची खुर्ची सरकली.

फार नाही… माणूस बसताना सरकते तेवढीच.

ताईचा ब्रश थांबला. पुस्तक तिच्या हातातून हळूच फिरलं आणि त्याचं तोंड समोरच्या खुर्चीकडे झालं.

मग पान उलटलं.

वारा नव्हता. खिडकी मीच सकाळी खिळा ठोकून बंद केली होती.

मी केसरबाईंना फोन लावला. त्या इथे पूर्वी पुस्तकं राखायच्या, आता निघोज्यात लेकाकडे असतात. हळू आवाजात सगळं सांगितलं.

मग त्या म्हणाल्या, “टेबलावरनं त्ये पुस्तक उचललं कुनी?”

“झिशाननं.”

“गण्यानं,” झिशान माझ्या कानाशी म्हणाला.

“आरं, त्ये उद्धवरावाचं पुस्तक हाय. प्रेसवर व्हता त्यो, अंगठ्याचं नख मशीननं खाल्ल्यालं. सुट्टी गुरवारची, दर गुरवारी यायचा. घोडा न्हाई, शेत न्हाई, पर घोड्याचं पुस्तक वाचायचा. एक दिस च्या प्याया रस्ता वलांडून गेला, त्यो गेलाच. हायवेवर. पुस्तक मागारी दिल्यालं न्हाई, म्हून आमी उचललं न्हाई.”

“मावशी, मग आता काय करायचं?”

“वर्षाली समोर बसलीया का?”

“हो.”

“मंग तिला म्हनावं, उठू नगं. हितं रीत हाय. वाचनारा बसला की राखनाऱ्यानं समोर बसायचं. त्याचं झालं की त्यो हातात पुस्तक दील. हातात घ्यायचं, मिळालं म्हनायचं, मंगच उठायचं.”

“आणि मधेच उठली तर?”

“आमी कंदी उठलोच न्हाई. आमाला काय ठावं?”

मी ताईला सांगितलं. तिने मान हलवली आणि पदर खोचून नीट बसली. तिला भीती वाटत नव्हती असं नाही. पण ते पुस्तक पूर्ण झाल्याशिवाय स्कॅन होणार नव्हतं आणि स्कॅन झाल्याशिवाय नोकरी राहणार नव्हती.

पान उलटलं… बराच वेळ काही नाही… पान उलटलं.

एकदा एक पान मागे आलं.

“लक्ष गेलं असेल कुठेतरी,” झिशान कुजबुजला. “माझंपण होतं असं.”

उन्हं उतरली. झिशानने विचारलं, हे ओव्हरटाइममध्ये धरतील का. मी म्हणालो, धरलं तर त्याचंपण धरावं लागेल.

शेवटी पुस्तक मिटलं.

टेबलापासून ते वर उचललं गेलं, ओंजळीत धरल्यासारखं. ताईने दोन्ही हात पुढे केले. पुस्तक तिच्या हातात आलं, आणि मी पाहिलं, तिची बोटं एकदम आखडली. काहीतरी गार लागल्यासारखी.

“मिळालं,” ताई म्हणाली.

खुर्ची मागे सरकली. बाहेर लाईट आली आणि सगळ्या ट्यूब एकदम लागल्या.

दुसऱ्या दिवशी पुस्तक स्कॅन झालं. एकाही पानावर अंगठा नाही. शेरा आला : ‘सुधारणा समाधानकारक.’

पुढे सगळं भराभर झालं. खोकी गोदामात गेली. दालनात पार्टिशनची टेबलं आली, चार्जिंगचे पॉइंट आले, कोपऱ्यात पाण्याचा कूलर आला. महाळुंग्याची, निघोज्याची, खोल्या करून राहणारी मराठवाड्यातली पोरं यायला लागली. खरं सांगतो, चांगली अभ्यासिका आहे. पूर्वी तिथे पाल हलली तरी दचकायला व्हायचं, आता जागा मिळत नाही. ताईची कायमची ऑर्डर निघाली.

पण पुस्तकं हलवल्याचं वाचकांना कोणी कळवलं नव्हतं.

गुरुवारी लाईट जाते, वायफाय जातं, पोरं घरी जातात. अशाच एका गुरुवारी मी ताईला न्यायला गेलो. ती एका टेबलाशी बसली होती. समोरची खुर्ची रिकामी.

“चल ना ताई.”

“थांब. वाचक आहेत.”

“कोण? उद्धवरावांचं तर झालं ना वाचून.”

“ते नाहीत.” तिने आवाज खाली आणला. “दुसरे आहेत. बरेच आहेत. परत कोणीतरी समोर बसतंय, हे कळलंय त्यांना.”

तेव्हा माझं दालनाकडे लक्ष गेलं. पोरं जाताना खुर्च्या आत सरकवून जातात, तसा नियमच आहे.

सगळ्या खुर्च्या थोड्या थोड्या बाहेर होत्या…

त्यांच्यासमोर पुस्तक नाही. पुस्तक नाही म्हणून वाचून होत नाही. होत नाही म्हणून ते परत देत नाहीत. आणि ताईला उठता येत नाही.

मी गोदामात गेलो. तिथला माणूस म्हणाला, खोक्यांना सील आहे, वरून परवानगी आणा, आणि तसंही सगळं ऑनलाइन आहे ना, ते वाचा म्हणावं.

झिशानला हे पटलं. त्याने टॅबलेट आणला, चार्ज केला, घोड्याचंच पुस्तक उघडून ताईच्या समोरच्या खुर्चीपुढे ठेवला.

पान हललं नाही.

बराच वेळ… मग स्क्रीन बंद झाली.

झिशानने जवळ जाऊन पाहिलं आणि मला हाताने बोलावलं. काळ्या काचेवर खालच्या कोपऱ्यात वाफ धरली होती. तेवढ्याच जागेवर. कोणीतरी तिथे बोट घासलं होतं. पुन्हा पुन्हा. पुन्हा पुन्हा.

“मेलेल्या माणसाचा टच घेत नाही रे हा,” झिशान म्हणाला. तो हसला नाही. टॅबलेटही त्याने परत घेतला नाही, तिथेच सोडून आला.

आधी लाईट आली की ताई उठायची. मग लाईट आल्यावरही थोडा वेळ बसायला लागली. आता घरी दाजी मोबाईल बघत असले की समोर जाऊन बसते, आणि मोबाईल तिच्या हातात देईपर्यंत जेवत नाही, वाढतही नाही. दाजींचा मोबाईलचा नाद सुटला, त्यांचं वजन कमी झालं, पण हे काही खरं नव्हे. गेल्या गुरुवारी आम्ही तिला खुर्चीसकट रिक्षात घातलं. खुर्ची घरी आहे. ताई त्यावरून उतरली शुक्रवारी.

आज परत गुरुवार. मी अभ्यासिकेच्या दारात उभा राहून हे लिहितोय. आत जात नाही. प्रेस शॉप बंद आहे. ताई पाठमोरी बसलीये, दोन्ही हात पुढे धरून, आणि आतून कधीकधी नुसतं काच घासल्याचा आवाज येतो.

सकाळी विश्वस्तांकडे अर्ज देऊन आलो. पोच मिळाली नाही, म्हणून मजकूर इथे देतो.

‘तरी माननीय विश्वस्त मंडळास नम्र विनंती की, दुर्मिळ संग्रह अन्यत्र हलवल्याची लेखी सूचना सर्व दिवंगत वाचकांना त्यांच्या सध्याच्या पत्त्यावर पाठवावी, ती मिळाल्याची प्रत्येकाची सही घ्यावी, आणि सर्व सह्या जमा होईपर्यंत माझ्या बहिणीला खुर्चीवरून उठण्याची विशेष परवानगी द्यावी. कळावे.’