एकतीस नंबर

शनिवारी वेलर कॉलेजच्या मैदानावर अमेरिकन फुटबॉलचा सामना असला की मी वरच्या लाकडी खोपटात दुर्बीण घेऊन बसतो. काम साधं आहे. कोणी कोणाला पाडलं ते टिपायचं. उभा जन्म तिसरीच्या वर्गाला शिकवण्यात गेला, त्यामुळे पोरं मोजायची सवय हाडात भिनली आहे. सहलीला निघताना मोजायची, परतताना मोजायची. मैदानावरही आपली अकरा पोरं उभी आहेत ना, हे मी नकळत मोजून घेतो.

त्या मोसमात माझा जीव टोबिन व्रानामध्ये अडकला होता. तेरा नंबरचा शर्ट, बचावफळीत सगळ्यात मागे उभा राहणारा सेफ्टी. तिसरीत हा पोरगा वाचताना ओळ चुकायचा. मी ओळीखाली आइसफ्रूटची काडी धरायचो, मग नीट वाचायचा. त्याचा बाप एमिल हाही माझाच विद्यार्थी. आमच्या गटात नऊ कॉलेजं. दरवर्षी सगळ्यांतून निवडून गटाचा सर्वोत्तम संघ जाहीर होतो आणि आपल्या पोरांची नावं व्यायामशाळेबाहेरच्या बोर्डावर रंगवली जातात. तिथे एमिलचं नाव आहे. त्याखाली टोबिनला आपलं हवं होतं, आणि हे त्याचं शेवटचं वर्ष होतं. एमिल कौतुक करणारा माणूस नव्हे. "बोर्डावर ये, मग बोलू," एवढंच म्हणायचा.

निवड कोच लोक मतांनी करतात. आपल्याच पोराला मत देता येत नाही. आमच्याकडे शर्टावर नावं नसतात, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याचा नंबर लिहायचा. नाव नंतर त्या त्या कॉलेजला विचारतात.

नोव्हेंबर संपता संपता कोच रोली हॅवरकँपने मला बोलावून घेतलं.

"लिंडक्विस्ट सर, आधी बसा. आपल्या सेफ्टीला आठच्या आठ मतं पडलीत."

"टोबिनला!"

"एकतीस नंबरला."

मला हसू आलं. "रोली, आपल्याकडे एकतीस नंबर नाहीच."

"मला सांगताय? शर्ट मीच वाटले. तो अजून कपाटात घडी घालून पडलाय."

"आणि टोबिनला किती?"

"एकही नाही." त्याने डोळे चोळले. "तेराचं उलटं एकतीस. गडबडीत चुकले असतील."

"आठही जण?"

"सर, गणित शाळेतल्या पोरांना शिकवा. मी कळवतोय की तो तेराच आहे. पोराचं भलं होतंय, तुमचं काय जातंय?"

माझं काहीच जात नव्हतं. मलाही तेच हवं होतं. तरी घरी आल्यावर मी ब्रॅडक कॉलेजच्या कोचला फोन लावला. जुनी ओळख होती.

"तेरा? छे हो," तो म्हणाला. "तेरा बुटका आहे. एकतीस त्याच्या डाव्या हाताला उभा असायचा, त्याच्याहून वीतभर उंच. पाडायचा आणि मग स्वतःच हात देऊन उठवायचा. गुणी पोरगं. आमचा टिलमन अजून म्हणतो, त्याचे हात म्हणजे बर्फ. कुठल्या गावचा आहे हो?"

विचारून सांगतो, म्हणालो.

मग मी ब्रॅडकच्या सामन्याची फिल्म लावली. आपली पोरं मोजली. अकरा. टोबिनच्या डावीकडे नुसतं गवत. ब्रॅडकचा चाल रचणारा गडी, क्वार्टरबॅक टिलमन, चेंडू काखेत घेऊन त्या मोकळ्या गवतात घुसला आणि मागे फेकला गेला. धावणाऱ्याचा पाय घसरला तर तो पुढे पडतो, मागे नाही. तो क्षणभर पडून राहिला. मग त्याने उजवा हात वर केला आणि कोणीतरी ओढून घ्यावं तसा उठला.

त्या दिवशी मी टिपलं होतं, पाय घसरला. मोसमभर मी हे कितीदा लिहिलं, ते आठवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मैदान तर कोरडं होतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या कँटीनमध्ये टोबिन भेटला. दालचिनीचा रोल चिलीच्या तिखट रश्शात बुडवून खात होता.

"टोबिन, खेळताना तुझ्या डावीकडे कोण असतं?"

रोल वाटीतच राहिला. "कोणी नसतं, सर." मग म्हणाला, "पण त्या बाजूने वारा लागत नाही."

आमच्या नेब्रास्कात वारा लागत नाही अशी जागा नसते. "आणि तरी तू हा मान घेणार?"

"बाबा फोनवर रडले, सर. त्यांना कधी रडताना ऐकलं नव्हतं. आता कोणत्या तोंडाने नाही म्हणू?"

डिसेंबरात, भर दुपारी, चर्चच्या हॉलमध्ये समारंभ झाला. नऊ कॉलेजांची पोरं, आईबाप, कोच. मी एमिलच्या शेजारी बसलो होतो.

टोबिनचं नाव पुकारलं. तो मंचावर चढला. टाळी वाजली नाही.

त्याच्या हातात लाकडी ढाल दिली. मग अख्खा हॉल उभा राहिला. टाळ्यांनी खिडक्या थरथरल्या.

टोबिनकडे कोणीच पाहत नव्हतं. सगळ्यांचे डोळे त्याच्या डावीकडे होते. वीतभर वर.

फक्त एमिल आपल्या पोराकडे पाहत टाळ्या वाजवत होता.

पुढचं नाव टिलमनचं. तो वर आला. टोबिनने हात पुढे केला. टिलमन तो ओलांडून गेला, शेजारच्या रिकाम्या जागेत हात घालून त्याने हस्तांदोलन केलं आणि हसला.

"अजून गारच का रे?" तो म्हणाला.

टोबिनचा हात तसाच पुढे राहिला.

खाली आल्यावर त्याने ढाल बापाला दिली. "बाबा, घरी जाऊ या."

एमिलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चांगला खेळलास, पोरा." एवढ्या वाक्यासाठी टोबिन चार वर्षं खेळला होता. त्याने मान वर केली नाही.

बाहेर वारा अंग कापत होता. मी एमिलच्या गाडीत मागे बसलो, टोबिन पुढे. एमिलने काचेवरचा बर्फ खरवडला. मग तो माझ्या बाजूला आला आणि त्याने माझं दार उघडलं. वारा भसकन आत शिरला.

मग दार उघडं असतानाच वारा लागायचा थांबला.

"जरा पलीकडे सरका, सर," एमिल म्हणाला. "त्याचे पाय लांब आहेत."