मधल्या बाकावर बसा

धक्क्यावरचा खांब मी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "सोडलात तरी चालेल... तो पडत नाहीये."

नवरदेवाचा मावसभाऊ. सैल सुती सदरा, रुंद कडांची टोपी, मानेवर न चोळलेल्या मलमाचा पांढरा पट्टा. माझ्या सूचना इतक्या मनापासून पाळलेला दुसरा पाहुणा मी पाहिला नव्हता.

ताईचं लग्न समोरच्या बेटावर होतं. घरात बडबडी मीच, म्हणून सगळ्यांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी फोनवर एक लांबलचक निरोप रेकॉर्ड करून पाठवला होता. सुती कपडे आणा, डासांचं मलम विसरू नका, नळाचं पाणी नको, तहान लागायची वाट बघू नका. दुपारनंतर वारा उठतो, म्हणून सकाळच्याच बोटीने या. बोटीत मधल्या बाकावर बसा, पाण्याकडे बघू नका. जणू माझा जन्मच होडीत झाला होता!

खरं तर लहानपणी तळ्यात पडले, तेव्हापासून मी गुडघाभर पाण्यातही उतरले नव्हते. घरच्यांना वाटायचं, ते कधीच मागे पडलं.

सकाळपासून मी पाहुणे बोटीत चढवत होते आणि स्वतः मागे राहत होते. कधी म्हणे काकू यायच्यात, कधी म्हणे फुलं यायचीत. आता काकूही गेल्या, फुलंही गेली. ही शेवटची बोट, आणि वारा उठला होता. लाटा धक्क्यावर आपटत होत्या.

"तुम्ही तर सकाळीच गेला होतात ना?"

"मलम संपलं. आणायला आलो."

मी त्याच्या मानेकडे पाहिलं. तो घाईघाईने मान चोळू लागला.

नावाडी ओरडला, यायचं तर आत्ता या, नाहीतर मी बोट सोडतो. मी हळूच त्या मावसभावाला म्हटलं, तुम्ही जा, ताईला सांगा, माझं पोट दुखतंय. ताई माझ्याशिवाय लग्नाला उभी राहील... आणि जन्मभर मला ते ऐकवणार नाही. तेच मला सहन होणार नव्हतं.

तो हसला नाही. समुद्राकडे बघत माझाच निरोप पाठ म्हणावा तसा म्हणाला, "मधल्या बाकावर बसा. मग कुकरची शिट्टी. मग तुम्ही म्हणता, आई, गॅस बारीक कर गं. मग... पाण्याकडे नाही, दूर किनाऱ्याकडे बघा."

"इतकं पाठ?"

"आधी मलमासाठी ऐकलं. नंतर कुकरसाठी."

हसता हसता मी खांब कधी सोडला, कळलंच नाही. फळी पायाखाली हलली. मधला बाक. बोट एका अंगाला कलली, तोंडावर खारट पाणी उडालं आणि मी डोळे मिटून त्याचं मनगट धरलं. ते माझ्यापेक्षा जास्त थरथरत होतं.

"तुम्ही... घाबरलात?"

"खूप. मला पोहता येत नाही."

"मग परत कशाला आलात?"

पुढच्या लाटेला त्याने दुसऱ्या हाताने टोपी दाबून धरली. मग म्हणाला, "निरोपाच्या शेवटी तुम्ही म्हणता, बोटीत घाबरण्यासारखं काही नाही. तिथे तुमचा आवाज कापतो. बाकीच्यांना कळलं नसेल. मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच कळलं. सकाळपासून येणारी प्रत्येक बोट बघत होतो... तुम्ही एकीतही नव्हतात."

मी डोळे उघडले. पाण्याकडे पाहिलं नाही, किनाऱ्याकडेही नाही.

बोट टेकली. ताई नटूनथटून, अनवाणी, धक्क्यावरून धावत येत होती. लोक उतरू लागले.

"आता सोडलंत तरी चालेल," तो हळूच म्हणाला.

"वारा कुठे पडलाय अजून," मी म्हटलं... आणि मनगट धरूनच उतरले.