द्रौपदाबाई शीव चालली

"उद्या शीव तुलेच चालनी शे," म्हणत नवऱ्यानं, देवचंद पाटलांनी, परातीशेजारी काळ्या मातीचं ढेकूळ ठेवलं, आणि पीठ मळणारे द्रौपदाबाईचे हात जागीच थिजले...

बोरीकाठच्या त्या बांधाची कीर्ती मोठी. इकडे देवचंदांचा मळा, तिकडे द्रौपदाबाईच्या धाकट्या भावाचा, अभिमनचा. आजोबांच्या काळापासून तो बांध म्हणे पावसाळ्यात इकडे सरके नि उन्हाळ्यात तिकडे! त्याच्यापायी धुळ्याच्या कोर्टात वकिलांना नातवंडं झाली, आणि नातवंडांनीही हाच खटला चालवायला घेतला. एवढी वर्षं बाईचं माहेर बंद. अखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, गावभर माहेरवाशिणी झोक्यावर गात, ती मात्र चुलीपाशी बसून ऐकत राही...

सत्याऐंशी साली दोघंही थकले. पंचांनी जुनी रीत काढली: डोक्यावर माती घेऊन एकानं अनवाणी चालायचं, पाऊल पडेल ती हद्द. दोघांनी तिचंच नाव घेतलं. नवऱ्याला वाटलं, बायको आपली. भावाला वाटलं, बहीण आपली. तिला कुणी विचारलंच नाही.

खरी शीव, म्हणजे हद्द, तिला ठाऊक होती. लहानपणी तिथंच शेळ्या चारलेल्या. त्या शिवेनं सासरची विहीर भावाकडे जात होती.

"इहीर आपलाकडे ठेव," देवचंद हळूच म्हणाले. "केळी वाळतीन."

"डोकावर माटी लिसन खोटं चालनं मले जमनार नही. दुसरं कोनी धुंडा."

"दुसरं कोन शे?"

दुसऱ्या दिवशी तापल्या रानातून ती चालली. वाकून, सावकाश, कुणाकडे न बघता... विहिरीशी आली, क्षणभर थांबली, आणि विहीर भावाच्या अंगाला सोडून पुढे गेली. देवचंदांनी पाठ फिरवली. कुणी तरी हसलं, "पाटील, घरनी लक्ष्मीनीच इहीर लई गई."

अभिमन मात्र हसला नाही. बहिणीच्या पायांना आलेले फोड त्याला दिसले होते.

"पाव्हना, थांबा," तो देवचंदांना म्हणाला आणि बहिणीपुढे खाली बसला. "इतल्या अखाजी गयात अक्का, तुले एक चोळी धाडी नही मी. आते या इहिरनं पानी तुनी चोळी. पाव्हनाले देनं का नही, ते तू ठरव."

देवचंद परत वळले. उभ्या संसारात त्या माणसानं बायकोला कधी काही विचारलं नव्हतं. ते तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"द्रौपदा... पानी घेऊ का?"

तिनं ढेकूळ उतरवून विहिरीच्या काठावर ठेवलं आणि तिथंच टेकली.

"घ्या," ती म्हणाली. "अन् मले जरा इठेच बसू द्या."