चेहऱ्यावरून ओळखलेले उंदीर

“अहो, शेपटीच्या टोकाला धरू नका, कातडी सोलून निघते त्याची!”

माझ्या ओरडण्याने तो दचकला आणि हातातला उंदीर थेट माझ्या पदरावर चढला. पुण्याहून बंगळूरला नुकताच आलेला रत्नाकर मला असा भेटला, १९६७ साली, प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या खोलीत.

“चावला का तुम्हाला?”

“माणूस बघून चावतो तो,” मी म्हणाले. तो हसला… आणि मी उगीचच पदर झटकत राहिले.

प्रयोग माझा होता. पिट्युटरी ग्रंथीतलं एक पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटासा तुकडा, टोचलं, की शिकवलेला धडा उंदराच्या जास्त दिवस लक्षात राहतो. माझं म्हणणं, हे घडतं मेंदूच्या मधोमध असलेल्या एका चिमुकल्या भागामार्फत. तो भाग निकामी केला, की पेप्टाइड टोचून काही उपयोग नाही. हे डिसेंबरपर्यंत दाखवलं नाही, तर प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर रघुपती माझी जागा दुसऱ्याला देणार होते. आणि जागा गेली, की माझे वडील, अण्णा, धारवाडच्या स्थळाला होकार कळवणार होते.

सुई मी टोचायची; दिवा लागल्यावर उंदराला पेटीत पलीकडे उडी मारायची आठवण राहते का, ते रत्नाकरने बघायचं. पेप्टाइड कुणाला आणि नुसतं मिठाचं पाणी कुणाला, हे त्याला कळता कामा नये. नाहीतर माणसाला हवं तेच दिसतं. म्हणून पिंजरा हाती देताना आम्ही काम सोडून सगळं बोलायचो.

“तुमच्या तोंडी ते कानडी ‘स्वल्प थांबा’ फार गोड वाटतं हं.”

“सरी, बरं, मग थांबा की स्वल्प!”

तो थांबायचा. बराच वेळ.

नोव्हेंबरात, कुठल्या उंदराला काय टोचलं होतं त्याची बंद ठेवलेली यादी उघडली. निकाल अगदी माझ्या म्हणण्यासारखा! मी नाचायचीच बाकी होते, पण रत्नाकरचा चेहरा उतरलेला.

“वसुमती, हे आकडे टाकून द्या. कुठला उंदीर पेप्टाइडचा, याचे माझे मनातले अंदाज सगळे खरे निघालेत… पेप्टाइडचा उंदीर देताना तुमच्या भुवया वर जातात.”

“माझ्या भुवयांशी तुम्हाला काय करायचंय?”

“तेच तर… पहिल्या दिवसापासून बघतोय मी तुमच्याकडे. आवडता तुम्ही मला.”

असला राग आला! आणि त्या रागातही कानशिलं गरम झाली, ते वेगळंच.

हे सांगितल्यावर डॉक्टर रघुपती म्हणाले, “कुणाला कळणार आहे? छापून टाकू.”

“मला कळलंय, सर.” त्यांच्यासमोरच मी वहीच्या पानांवर आडव्या रेघा ओढल्या. “पुन्हा करीन सगळं.”

“मुदत वाढणार नाही.”

“मागितली कुणी?”

घरी गेल्या गेल्या अण्णांना सांगितलं, “धारवाडला नकार कळवा. जागा राहो, नाहीतर जावो, मी तिथे जाणार नाही.” अण्णा रात्री अर्ध्या ताटावरून उठून गेले. मी मात्र पोटभर जेवले.

सकाळी रत्नाकर उंदरांच्या खोलीच्या दारात उभा होता.

“आजपासून पिंजरे आपली मदतनीस अलका आणून देईल, तिलाही यादी ठाऊक नसेल,” मी म्हणाले. “काम संपेपर्यंत माझ्याकडे बघायचं नाही.”

“आणि या खेपेला निकाल उलटा आला तर?”

“तर उलटा छापू. तुम्ही मात्र काम संपलं की अण्णांना भेटायला या. ते नाही म्हणतील… तरी या.”